आम्ही, आपण आणि उपरी : आचरे गावाच्या निमित्ताने

परमुलखातून पोटासाठी आलेल्या माणसाला नव्या वस्तीने आपलेसे कसे करावे, हा प्रश्न समाजशास्त्राचा म्हणून ओळखला जातो. परंतु त्याचा निदान अर्धा भाग भाषाशास्त्राच्या अंगणात पडतो, असे प्रस्तुत लेखकास वाटते. युरोपातील अनुभव या दृष्टीने उद्बोधक आहे. पश्चिम जर्मनीने १९५५ साली इटलीशी करार करून परदेशी कामगार आणावयास आरंभ केला. पुढे तुर्कस्तान, युगोस्लाव्हिया इत्यादी देशांतून लक्षावधी माणसे आली. या माणसांना 'गास्टआर्बाइटर', म्हणजे शब्दशः 'पाहुणे-कामगार', असे नाव पडले. १९७३ साली भरती थांबविण्यात आली. परंतु आलेल्यांपैकी पुष्कळजण तेथेच राहिले, त्यांची मुलेबाळे तेथेच वाढली. या मंडळींना देशाची भाषा पद्धतशीर शिकविण्याची जबाबदारी राज्याने कायद्याने पत्करली ती मात्र २००५ साली. स्वीडनने हेच काम १९६५ पासून विनामूल्य वर्ग काढून सुरू केले होते. जर्मनीत हा विलंब केवळ एका शब्दामुळे झाला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल; पण त्या शब्दाने विलंबाला सोयीचे पांघरूण पुरविले, यात संशय नाही. पाहुण्याला पान वाढावयाचे असते, व्याकरण शिकवावयाचे नसते. कारण तो जावयाचा असतो.

मराठी भाषेने या बाबतीत स्वतःला शहाणे समजण्याचे कारण नाही. 'पाहुणा' (संस्कृत 'प्राघूर्णक', प्राकृत 'पाहुण') हा आपला शब्द आदराचा खरा, परंतु ज्या माणसाला जाण्याची घाई नाही त्याच्यासाठी आपल्याजवळ असलेले शब्द पाहावेत : उपरा, परका, बिऱ्हाडकरू, आणि अलीकडचा, कचेरीत जन्मलेला 'परप्रांतीय'. यांपैकी 'उपरी' हा शब्द एके काळी निंदाव्यंजक नव्हता. तो जमिनीच्या व्यवहारातील पारिभाषिक शब्द होता. देशावरील गावांत वंशपरंपरेने जमीन कसणारा तो 'मिरासदार' (अरबी-फारसी 'मीरास', म्हणजे वारसा) आणि तसा वारसा नसताना कराराने जमीन कसणारा तो 'उपरी'. एल्फिन्स्टनने पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखासंबंधी १८१९ साली जो अहवाल लिहिला, त्यात या दोन वर्गांचे विवेचन आहे. ही जोडी देशावरची. दक्षिण कोकणात खोत आणि कूळ यांची मांडणी निराळी होती आणि खोती १९४९ च्या कायद्याने संपुष्टात आली. तेव्हा देशावरील संज्ञा सरसकट किनाऱ्यावर लावणे योग्य नव्हे. तथापि शब्दाचा प्रवास लक्षात घेण्यासारखा आहे. जमिनीशी असलेले नाते सांगणारी संज्ञा माणसाची जात सांगावी तशी चिकटून बसली आणि जमिनीचा प्रश्न मिटल्यावरही मागे उरली.

आता आचऱ्याकडे वळू. मालवण तालुक्यातील, मालवण आणि देवगड यांच्या दरम्यान खाडीच्या मुखाशी वसलेले हे गाव. येथील ग्रामदैवत श्रीदेव रामेश्वर. गावात हिंदूंच्या विविध जातींबरोबर मुसलमान आणि ख्रिस्ती कुटुंबेही आहेत. शेती, बागायत आणि मासेमारी हे जुने व्यवसाय. मात्र या किनाऱ्याचा मुख्य व्यवहार गेली शंभर-सव्वाशे वर्षे माणसे बाहेर पाठविण्याचा आहे, असे म्हटले तरी चालेल. सिंधुदुर्ग हा स्वतंत्र जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून निघाला. २००१ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या ८,६८,८२५ होती. २०११ साली ती ८,४९,६५१ भरली. देशाची लोकसंख्या वाढत असताना एका जिल्ह्याची घटावी, आणि त्याच जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १,०३६ स्त्रिया असाव्यात, या दोन आकड्यांत चाकरमान्यांचा सगळा इतिहास आला.

ज्या गावातून हात बाहेर जातात, त्या गावात दुसरीकडचे हात येतात. आज या किनारपट्टीवर आंब्याच्या बागांच्या राखणीला नेपाळी गडी असतात. यांत्रिक नौकांवर खलाशी म्हणूनही ते दिसतात. चिऱ्यांच्या खाणींवर आणि बांधकामांवर कर्नाटकातून आणि उत्तरेकडून मजूर येतात. कोणी हंगामापुरते, कोणी वर्षानुवर्षे. मालवणीत त्यांना 'भायरचे' म्हणतात. या शब्दात द्वेष नाही. पण तो कधी गळून पडेल याची मुदतही त्यात नाही.

असे असताना आचऱ्याची निवड का केली, असे वाचक विचारील. त्याचे कारण गावपळण. आपल्या विभागातील विद्यार्थ्यांना ही प्रथा ऐकून माहीत असेल. बहुधा ती भुताखेतांच्या कथांच्या जोडीने कानावर आलेली असते. दर तीन-चार-पाच वर्षांनी, मार्गशीर्षाच्या सुमारास, रामेश्वराला कौल लावला जातो आणि देवाचा होकार मिळाला की ठरलेल्या दिवशी सगळा गाव वेशीबाहेर पडतो. तीन दिवस आणि तीन रात्री वेशीआत कोणी राहावयाचे नाही. गुरेढोरे, कोंबड्या, कुत्री हीही बरोबर न्यावयाची. बाजारपेठ बंद, घरांना कुलपे, चुली थंड. माणसे शेजारच्या गावांच्या हद्दीत, माळावर, खाडीच्या पलीकडे खोपी बांधून राहतात. भजने होतात, फुगड्या होतात, पत्ते रंगतात. चौथ्या दिवशी पुन्हा कौल घेतला जातो, तो अनुकूल मिळाला की गाव परततो. २०१९ आणि २०२४ या वर्षांच्या डिसेंबरात ती झाली. जवळच्या चिंदर, वायंगणी या गावांतही अशी प्रथा आहे.

या प्रथेच्या उगमाविषयी नाना तर्क आहेत. कोणी साथीच्या रोगांशी तिचा संबंध जोडतात, कोणी वस्तीला विश्रांती देण्याशी, कोणी पिशाचबाधेशी. विवेकवादी भूमिकेतून तिच्यावर आक्षेपही घेतले गेले आहेत, आणि आजारी माणसाला किंवा बाळंतिणीला माळावर का न्यावे, हा त्यातील प्रश्न टाळण्यासारखा नाही. उगमाच्या वादात येथे शिरावयाचे नाही. आपल्याला महत्त्वाची आहे ती या नेमाची व्याकरणदृष्ट्या पाहावयाची रचना. 'गावपळण' या समासात पळण्याच्या क्रियेचा कर्ता 'गाव' आहे. रामेश्वराचे भक्त पळत नाहीत, गावकर पळत नाहीत, अमुक जातीचे लोक पळत नाहीत, गाव पळतो. म्हणून गाव म्हणजे कोण, या प्रश्नाचे उत्तर नेमाला स्वतःच द्यावे लागते, आणि ते असे : जो वेशीआत निजतो तो गाव. मुसलमान आणि ख्रिस्ती कुटुंबे निघतात ती याच न्यायाने. रामेश्वर त्यांचा उपास्य देव नसेल, पण वेस त्यांची आहे. भाड्याने राहणारा शिक्षक, खोपटात राहणारा राखणदार, कालपरवा बिऱ्हाड केलेला मजूर यांनाही तोच न्याय लागतो. नेम वस्तीला लागू आहे, वंशाला नाही.

स्थलांतरितांच्या स्वागताचा म्हणून हा उपक्रम कोणी योजलेला नाही, हे उघड आहे. तरीही, ज्याला आपण सामावून घेणे म्हणतो त्याचे इतके स्वच्छ उदाहरण प्रस्तुत लेखकास दुसरे ठाऊक नाही. येथे नवागताला हार घातला जात नाही, त्याच्या देशाचे नृत्य व्यासपीठावर करवून घेतले जात नाही. त्याला गैरसोयीत वाटा दिला जातो. तीन रात्री थंडीत कुडकुडावयाचे ते सगळ्यांनी. शिवाय त्या तीन दिवसांत आचऱ्याचा प्रत्येक माणूस, मग तो कितीही जुन्या घराण्यातला असो, दुसऱ्याच्या हद्दीत, दुसऱ्याच्या विहिरीच्या भरवशावर राहणारा उपरी असतो. हा अनुभव जाणीवपूर्वक घेतला जातो असा दावा नाही. पण ठरावीक काळाने सगळ्या गावाला उपरेपण चाखावयास लावणारी प्रथा नजरेआड करून चालणार नाही.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. गावपळणीतील समता कर्तव्याची आहे, मानाची नाही. गावऱ्हाटीत मानकऱ्यांचे हक्क वंशपरंपरेने ठरलेले असतात. देवळापुढे कोण कोठे उभा राहावयाचा, गाऱ्हाणे कोणी घालावयाचे, याला शतकांची मोजमापे आहेत, आणि ती जातीच्या पायरीवरच उभी आहेत. नवागताला वेशीबाहेर जाण्यात बरोबरीचे स्थान मिळते, आत परतल्यावर मिळेलच असे नाही. ग्रामजीवनाचे गोडवे गाणाऱ्या लेखनात हा भाग बहुधा वगळला जातो, म्हणून मुद्दाम नमूद केला.

रामेश्वराच्या 'कौला'विषयी थोडे विषयांतर क्षम्य मानावे. (घरावरचे कौल निराळे.) हा शब्द अरबी 'क़ौल', म्हणजे वचन, दिलेला शब्द. मराठेशाहीच्या कागदपत्रांत कौल म्हणजे राज्याने रयतेला दिलेले अभयपत्र. ओसाड पडलेला गाव पुन्हा वसवावयाचा असला, नवी पेठ भरवावयाची असली, की बाहेरच्या कुळांना, उदमी लोकांना कौल देऊन बोलावीत : आरंभीची काही वर्षे कर माफ किंवा हलका, पुढे क्रमाक्रमाने चढता. याला 'इस्ताव्याचा कौल' म्हणत. आजच्या परिभाषेत बोलावयाचे तर स्थलांतरितांना आमंत्रण देण्याची ती राजमान्य योजना होती. तिच्यात गोड शब्द फारसे नाहीत. मुदत आणि दर आहेत. आलेला माणूस अमुक वर्षांनी पुऱ्या दराने सारा भरणारा, म्हणजे इतरांसारखा, होईल हे तीत आधीच लिहिलेले असे. 'पाहुणे-कामगार' या कल्पनेत नेमकी हीच मुदत नसते.

आचऱ्याची आणि आसपासची माणसे स्वतः जेव्हा मुंबईत उपरी झाली, तेव्हा त्यांना कोणी सामावून घेतले? गिरण्यांच्या काळात एका गावच्या पुरुषांनी मिळून भाड्याने घेतलेली खोली, तिच्यात पाळीपाळीने झोपणारी माणसे, भिंतीशी रचलेल्या ट्रंका, खाणावळीतले जेवण, शनिवारचे भजन, आणि गावच्या नावाचे ग्रामस्थ मंडळ. गोव्याच्या ख्रिस्ती बांधवांनी धोबीतलाव परिसरात याच धर्तीवर 'कुड' उभारले. एकेका गावाच्या नावाचा एकेक कुड, त्यात वेदी, संध्याकाळची प्रार्थना, आणि बोटीची वाट पाहणारे खलाशी. या संस्थांनी हजारो माणसांना पहिल्या रात्री छप्पर दिले, पहिली नोकरी मिळवून दिली, आजारपणात पेज दिली. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर पुष्कळ खोल्या ओस पडल्या, तरी मंडळे टिकली. त्यांची थोरवी कमी न लेखता एक म्हणावेसे वाटते : या संस्था आपल्यांनी आपल्यांसाठी चालविलेल्या होत्या. त्यांनी माणसाला शहराच्या धक्क्यापासून वाचविले. शहराशी त्याची गाठ घालून देणे हे त्यांचे काम नव्हते. ते काम चाळीच्या नळावर आणि गिरणीच्या खात्यात झाले, आणि ते भाषेच्या द्वारा झाले.

येथे आपण मूळ मुद्द्याशी येतो. मालवणी माणूस राखणीच्या नेपाळ्याशी कोणत्या भाषेत बोलतो? हिंदीत. त्याला ते सौजन्य वाटते, आणि हेतूने ते सौजन्यच असते. परिणाम मात्र निराळा होतो. किनाऱ्यावरील एका बाजारात प्रस्तुत लेखकाने ऐकलेला संवाद असा होता. दुकानदाराने विचारले, "क्या चाहिए?" गिऱ्हाईक म्हणाले, "काका, कांदे बरे बघून दिया." बोलणारा नेपाळी होता, मालवणी स्वच्छ होती. दुकानदार कांदे निवडता निवडता म्हणाला, "अच्छावाला ही है." संवाद शेवटपर्यंत तसाच चालला. एक मालवणीत, दुसरा हिंदीत. गिऱ्हाइकाने उंबरठा ओलांडला होता. दुकानदार त्याला आदराने पुन्हा बाहेर नेऊन बसवीत होता.

यात काय हरवते ते सर्वनामांत दिसते. मराठीत प्रथमपुरुषी अनेकवचनाची दोन रूपे आहेत : 'आम्ही', म्हणजे बोलणारा आणि त्याची माणसे, ऐकणारा वगळून, आणि 'आपण', म्हणजे ऐकणाऱ्यासह. 'आम्ही जातो' आणि 'आपण जाऊ' यांतील भेद तीन वर्षांचे मराठी मूल चुकत नाही. मालवणीतही 'आमी' आणि 'आपण' आहेत. गुजरातीत 'अमे' आणि 'आपणे' हा भेद आहे, तमिळ व तेलुगूत आहे. प्रमाण हिंदीतील 'हम' मात्र दोन्हींचे काम करते. नेपाळीतील 'हामी'ही तसेच. (मुंबईच्या आणि मध्य भारतातील बोलीहिंदीत 'अपन' समावेशक अर्थाने चालते, हा अपवाद अभ्यासनीय आहे.) हिंदीत बोलणाऱ्या दुकानदाराला 'आपण' म्हणण्याची सोयच उरत नाही, 'हम लोग' आणि 'तुम लोग' यांवर भागवावे लागते. आणि 'आपण' हा शब्द साधा नाही. संस्कृत 'आत्मन्'पासून आलेला हा शब्द मराठीत 'स्वतः' या अर्थी आहे, समोरच्याला आदराने संबोधण्यासाठी आहे, आणि तुम्ही-आम्ही मिळून या अर्थीही आहे. स्वत्व, आदर आणि समावेश ही तिन्ही कामे एकाच रूपाकडे असणारी भाषा नवागताशी बोलताना नेमके तेच रूप बाजूला ठेवते.

भाषा सोडावी लागत नाही, हेही सांगितले पाहिजे. कारण स्थलांतरितांना भाषा शिकवावी म्हटले की त्यांची भाषा हिरावली जाईल, अशी शंका घेतली जाते. सांगली जिल्ह्यातील कुपवाड या गावाचा गंपर्झ आणि विल्सन यांनी केलेला अभ्यास (१९७१) आपल्या विद्यार्थ्यांना परिचित आहे. कन्नड, मराठी आणि उर्दू बोलणारे समाज तेथे शतकानुशतके एकत्र नांदले; घरातली भाषा कोणी टाकली नाही. शब्द निराळे राहिले, वाक्यरचना मात्र इतकी जवळ आली की एका भाषेतील वाक्याचे दुसरीत शब्दास शब्द ठेवून रूपांतर करता यावे. शेजाराने व्याकरण घडविले, घराने शब्द राखले.

मग शिकवावयाची ती कोणती मराठी? २०२० च्या कायद्याने महाराष्ट्रातील सर्व शाळांत दहावीपर्यंत मराठी शिकणे सक्तीचे केले. मुलांची सोय, निदान कागदोपत्री, झाली. बापाची झाली नाही. मुंबई विद्यापीठाच्या जर्मन विभागाने 'माय मराठी' या प्रकल्पातून अमराठी प्रौढांसाठी पाठ्यपुस्तके सिद्ध केली, हे काम मोलाचे आहे. केरळात राज्य साक्षरता अभियानाने २०१७ साली पेरुंबावूर येथे 'चंगाती' (म्हणजे 'मित्र') नावाचा उपक्रम सुरू करून स्थलांतरित मजुरांना 'हमारी मलयालम' या पुस्तकाच्या आधारे मलयाळम शिकवावयास घेतले. तेथेही कामगारांना 'अतिथी' म्हणण्याची सरकारी रीत आहे. पण अतिथीला भाषा शिकविण्याचा विवेक केरळने दाखविला. सिंधुदुर्गात असा वर्ग काढावयाचा तर पहिला धडा प्रमाण मराठीचा असावा, असे प्रस्तुत लेखकास वाटत नाही. 'तुम्ही कुठे जाता?' हे शिकून माणूस बाजारात गेला की त्याला 'तुमी खंय जातास?' ऐकू येते.

आणि येथे मालवणी बोली एक अनपेक्षित साहाय्य करते. प्रमाण मराठीत आणि हिंदीत विकारी पुल्लिंगी शब्द आकारान्त असतात : माझा, मेरा, मोठा, बड़ा. मालवणीत ते ओकारान्त : माझो, तुझो, मोठो. नेपाळीतही ओकारान्तच : मेरो, तेरो, ठूलो. मालवणी 'तो गेलो', नेपाळी 'ऊ गयो'. तसेच मालवणीतील 'आमका', 'तुमका' ही रूपे अवधी बोलणाऱ्या मजुराच्या 'हमका', 'तुमका' यांच्या शेजारी ठेवून पाहावीत. यावरून या बोलींचा विशेष निकटचा वंशसंबंध सिद्ध होतो असे नव्हे; दूरच्या भावंडांत एखादी लकब सारखी निघावी तसे हे आहे. परंतु शिकणाऱ्याला व्युत्पत्तीशी कर्तव्य नसते. त्याच्या कानाला जे ओळखीचे वाटते ते तो आधी उचलतो. ज्या बोलीला शाळेत अशुद्ध म्हणून हिणविले गेले, ती या माणसांच्या बाबतीत प्रमाण भाषेपेक्षा जवळचा दरवाजा ठरण्याची शक्यता आहे.

हे सारे अनुमान आहे, आणि ते पारखण्याची जागा आचऱ्याच्या वेशीबाहेर आहे. विभागातील ज्या विद्यार्थ्यांना भाषासंपर्काचा विषय प्रबंधासाठी घ्यावयाचा आहे, त्यांनी पुढच्या गावपळणीची वाट पाहावी. त्या तीन दिवसांत दुकान नसते, मालक-गडी यांचा नेहमीचा व्यवहार नसतो. एकाच माळावर खोपी लागतात आणि पाणी एकाच विहिरीवरून येते. राखणदाराशी तेथे कोणत्या भाषेत बोलले जाते, मुले दुभाषाचे काम कोणासाठी करतात, आणि रात्री शेकोटीशी बसलेला गावकर 'आमी' म्हणतो की 'आपण', याची केवळ नोंद करावी. मूळ उच्चार ध्वनिमुद्रित करण्यापूर्वी बोलणाऱ्याची परवानगी घ्यावी, आणि प्रश्न मालवणीत विचारावेत.